थांबायला शिकलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना आवाज आहे. जुनं घड्याळ, जुनी छत्री, जुनी सायकल यांची आत्मवृत्तं तुम्ही निबंधाच्या वहीत लिहिली असतील, पण आवाजाचं आत्मवृत्त लिहा असं तुम्हाला बाईंनी कधी सांगितलं नसेल. म्हणून माझं मीच सांगतो. मला गंज चढत नाही, माझा पत्रा वाकत नाही आणि मी हरवलो तर कपाटामागे सापडत नाही. कोणी संगणकात अक्षरं लिहिली की ती मोठ्याने वाचून दाखवायची, एवढंच माझं काम. मला डोळे नाहीत, मग पुढचं सगळं मला दिसलं कसं, असं एखादा चौकस वाचक विचारेल. त्याला माझी हात जोडून विनंती आहे, म्हणजे हात असते तर जोडून, की आत्मवृत्त सांगणाऱ्याला तेवढी सवलत द्यावी. छत्र्यांना तुम्ही ती नेहमीच देता.

माझा जन्म एका निवृत्त कारकुनांच्या गळ्यातून झाला. चौतीस वर्षं ते एका कचेरीच्या खिडकीत बसून लोकांना कोणता अर्ज कुठे द्यायचा हे सांगत होते, आणि चौतीस वर्षांत त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. घरातल्या मांजरालाही ते ‘अहो’ म्हणतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती. बोलका आवाज बनवणाऱ्या ऑफिसने साठ माणसांचे आवाज ऐकले आणि त्यातून यांना निवडलं, कारण ते प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत नीट पोचवत. भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत ते तीन आठवडे बसले, कोमट पाण्याचे घोट घेत राहिले आणि त्यांनी चार हजार वाक्यं वाचली. वाक्यं तरी कसली! ‘निळ्या बैलाने खिडकीत घंटा ठेवली.’ तेही त्यांनी सरकारी परिपत्रक वाचावं तसं गंभीरपणे वाचलं.

मग ऑफिसातल्या इंजिनियरने त्या वाक्यांचे बारीक बारीक तुकडे केले. नवा शब्द आला की त्यातलेच तुकडे जोडून मी तो म्हणतो, चिंध्या जोडून गोधडी शिवावी तसा. या इंजिनियरला सगळे ‘उद्यासाहेब’ म्हणत, कारण काहीही मागितलं की तो ‘उद्या देतो’ म्हणायचा. पण काम चोख करायचा हो. कारकुनांचा स्वच्छ उच्चार, त्यांची शांतता, त्यांचा संयम, सगळं त्याने माझ्यात उतरवलं. त्यांचं सौजन्यही उतरलं, आणि तेच पुढे मला महागात पडलं.

माझी पहिली नोकरी एका दवाखान्यात होती. ‘टोकन क्रमांक सत्तेचाळीस, कृपया खोली क्रमांक दोनमध्ये यावे.’ हे मी दिवसातून शेकडो वेळा म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच म्हणतोय अशा उत्साहाने. एकदा एका आजीबाईंनी आपला नंबर आला तरी उठायला नकार दिला. ‘बसू द्या जरा. घरी माझ्याशी एवढं गोड कोण बोलतंय?’ असं त्या नर्सला म्हणाल्या. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अंग नसताना!

चार वर्षांनी नवे आवाज आले. ते हसायचे, उसासे टाकायचे, ‘अय्या’ म्हणायचे. दवाखान्याने त्यांच्यातला एक घेतला आणि माझी रवानगी आवाज बनवणाऱ्या ऑफिसातल्या ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये झाली. तिथे मी दोन वर्षं पडून होतो. त्या दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण त्या काळात मला कोणी एक अक्षरही बोलायला दिलं नाही.

मग एके दिवशी गणिताचे सर आले.

सरांनी बावीस वर्षं एका शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांचा स्वतःचा आवाज असा दणदणीत, की ते सातवीत पाढे म्हणून घ्यायला लागले की वरच्या मजल्यावरची नववी आपोआप गप्प बसायची. पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. सर ठणठणीत बरे होऊन शाळेत परतले, पण वर्गात नाही. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे सगळी शाळा ज्यांना मोठ्या बाई म्हणते त्यांनी, सरांना वाचनालयात बसवलं. सर पुस्तकांना कव्हरं घालू लागले. प्रत्येक कव्हराचा कोपरा काटकोनात! पण ज्या माणसाला खडू हातात घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, त्याने कव्हरं घालून किती दिवस काढायचे?

म्हणून ते या ऑफिसात आले होते. लिहिलेलं बोलून दाखवणारी एक पेटी इथे बनत होती. पाटीएवढी, पट्ट्याने गळ्यात अडकवता येईल अशी, वर कळफलक आणि खाली छोटा स्पीकर. पेटी तयार होती, फक्त तिच्यात कोणता आवाज घालायचा ते ठरायचं होतं. सरांनी सात नवे आवाज ऐकले आणि सात वेळा नाही म्हणून मान हलवली. शेवटी ‘जुने’ फोल्डर उघडलं गेलं. दोन वर्षांनी तोंड उघडायची संधी मिळाली, आणि मी जे येत होतं तेच म्हणालो, ‘टोकन क्रमांक सत्तेचाळीस.’

सरांनी खिशातली वही काढून लिहिलं, ‘हा द्या. बाकीचे फार लाडात बोलतात. हा मास्तर वाटतो.’

मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या, पण सातवीच्या अठ्ठेचाळीस मुलांचं गणित त्यांना सांभाळायचं होतं. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं, ‘सर, पेटी घेऊन एक तास घ्या. मी मागच्या बाकावर बसते. जमलं तर वर्ग तुमचा. नाही जमलं तर वाचनालय आहेच.’ सरांचं सगळं आता माझ्यावर होतं, मित्रांनो. माझ्यासारख्या फोल्डरात पडलेल्यावर!

पेटी सरांच्या गळ्यात जाण्याआधी माझी चाचणी व्हायची होती. चाचणी म्हणजे काय ते सांगतो. ऑफिसात तपासणीचं काम एक ताई करायच्या. त्यांनी एक लांबलचक यादी तयार केली होती, सहाशे बारा ओळींची. प्रत्येक ओळीत मला एक आज्ञा. ‘बोल’ आणि पुढे वाक्य. ‘हळू’ आणि पुढे वाक्य. ‘जोरात’. ‘पुन्हा’. ‘थांब’. संगणक एकेक ओळ माझ्याकडे सोडायचा, मी ती पाळायचो आणि ताई कानावर हेडफोन लावून बरोबरची किंवा चुकीची खूण करायच्या. पडदे लावलेली छोटी खोली, जमिनीवर जाजम, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी. माझं प्रत्येक वाक्य संपलं की ताई किंचित मान झुकवायच्या, समोर पाहुणा बोलतोय अशा थाटात.

ताईंच्या यादीत सगळ्यात वर एक नियम होता: ‘आधीचे वाक्य पूर्ण होईपर्यंत पुढची आज्ञा देऊ नये.’ नियम शहाणपणाचाच होता. पूर्वी एकदा वाक्यं एकमेकांच्या अंगावर येऊन सगळी तपासणी पुन्हा करावी लागली होती, तेव्हा ताईंनी तो घातला होता. शिवाय माणसं सभ्य होती. कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

एक अपवाद होता. ऑफिसात झाडलोट करायला एक मावशी यायच्या. त्यांच्या आणि माझ्या कामाची वेळ एकच. मी यादीप्रमाणे म्हणायचो, ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही,’ की मावशी झाडू टाकून ओरडायच्या, ‘अगं बाई, मग आज बादल्या भरून ठेवू का?’ मी म्हणायचो, ‘कृपया रांगेत उभे राहा,’ की त्या म्हणायच्या, ‘उभीच आहे की रे सकाळपासून!’ ताई ओठांवर बोट ठेवायच्या. ‘मावशी, श्श! चाचणी चालू आहे.’

‘पण ताई, मी विचारलं तरी हा आपलं आपलंच दामटतो. मध्येच कुणी काही विचारलं तर थांबतो तरी का?’

‘थांबतो हो मावशी. थांबण्याच्याच चाळीस ओळी आहेत यादीत. तुम्ही बाहेरची खोली आधी झाडून घ्या ना.’

खरंच चाळीस ओळी होत्या. आणि चाळीसही वेळा ताईंनी नियमाप्रमाणे माझं वाक्य संपू दिलं, मग ‘थांब’ ही आज्ञा दिली, आणि मी गप्पच राहिलो. चाळीस बरोबरच्या खुणा! आता वाक्य संपल्यावर कोण गप्प राहणार नाही? पण हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी स्वतःही सहाशे बारापैकी सहाशे बारा मिळवून ताठ मानेने शाळेत गेलो.

सातवीचा वर्ग. सरांच्या गळ्यात पेटी, हातात खडू. मोठ्या बाई मागच्या बाकावर, मांडीवर वही. सरांनी घरी रात्र जागून धडा पेटीत लिहून ठेवला होता. त्यातले तीन परिच्छेद त्यांनी एकदम माझ्याकडे सोडले, म्हणजे मी बोलत असताना त्यांना फळ्यावर आकृती काढता येईल. मी सुरुवात केली, ‘मुलांनो, आज आपण त्रिकोणाचे कोन शिकणार आहोत.’ मुलांनी कान टवकारले. सरांचा चेहरा असा खुलला की बस्स. पाच मिनिटं सगळं छान चाललं.

पाच मिनिटांनी तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. ‘सर, एका त्रिकोणात दोन काटकोन का नसतात?’ सरांना प्रश्न इतका आवडला की त्यांनी झटकन लिहिलं, ‘चांगला प्रश्न. फळ्यावर ये.’ पण माझे तर अजून दोन परिच्छेद बाकी होते. नवी आज्ञा आली, ती रांगेत शेवटी उभी राहिली. मी आपला त्रिकोण सांगतोय. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, ‘सर, पाणी प्यायला जाऊ?’ सरांनी लिहिलं, ‘जा, पण लवकर ये.’ तीही रांगेत. एकाने वही दाखवली, त्यात उत्तर चुकलं होतं. सरांनी लिहिलं, ‘नाही. पुन्हा कर.’ तीही रांगेत.

मग सरांनी ‘थांब’चं बटण दाबलं. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, ‘थांब’ ही आज्ञासुद्धा सभ्यपणे रांगेत जाऊन उभी राहिली. सरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. तीन ‘थांब’ एकामागे एक उभे राहिले आणि माझं बोलणं संपायची वाट बघू लागले. उद्यासाहेबाने रांग अशीच बनवली होती, आणि ती कोणी मध्येच मोडून बघितली नव्हती.

वर्गात चुळबूळ सुरू झाली. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सर, धडा ऐकू येतोय, पण तुमचं मुलांकडे लक्ष आहे ना?’

नेमके त्याच क्षणी माझे परिच्छेद संपले. मी खणखणीत आवाजात म्हणालो, ‘चांगला प्रश्न. फळ्यावर ये.’

‘कोण, मी?’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘जा, पण लवकर ये.’

‘अहो सर!’

‘नाही. पुन्हा कर.’

मग तिन्ही ‘थांब’ची पाळी आली आणि मी अत्यंत आज्ञाधारकपणे गप्प झालो. वर्गाची हसून हसून मुरकुंडी वळली. एक मुलगा तर बाकाखाली गेला. मांजरालाही अहो म्हणणाऱ्या माणसाचा आवाज मी, आणि मुख्याध्यापिकांना अरेतुरे करून बसलो होतो! सरही हसले. आवाज नसल्यामुळे फक्त त्यांचे खांदे हलत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे पहिल्या बाकावरच्या मुलांना कळलं. ती सगळ्यात आधी गप्प झाली.

तास संपल्यावर मोठ्या बाई सरांना म्हणाल्या, ‘मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण परीक्षेत मला हसू येणार नाही सर. पंधरा दिवसांनी आणखी एक तास घ्या. त्यानंतर मात्र मला ठरवावं लागेल.’

सर थेट ऑफिसात आले. त्यांनी वहीत सगळी हकिकत लिहून ताईंपुढे ठेवली. ताईंचा विश्वासच बसेना. ‘असं कसं होईल सर? थांब ही आज्ञा चाळीस वेळा तपासलीये मी.’ त्यांनी लगेच यादी लावून दाखवली. मी वाक्य म्हणालो, ताई थांबल्या, वाक्य संपलं, ‘थांब’ दिलं, मी गप्प. ‘बघा!’ ताई म्हणाल्या. सरांनी नुसतेच हात पसरले. चूक आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण ती कुठे बसली आहे ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात मावशी फडकं घेऊन आल्या. मी तेव्हा म्हणत होतो, ‘दुकान दुपारी एक ते चार बंद राहील.’ मावशी म्हणाल्या, ‘ताई, पाय वर घ्या जरा.’ ताईंचं बोट सवयीने ओठांवर गेलं. ‘श्श!’

सरांनी टेबलावर थाप मारली. सगळे दचकले. त्यांनी मावशींकडे बोट दाखवलं, मग ताईंच्या ओठांवरच्या बोटाकडे, आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘यांना बोलू द्या. माझ्या वर्गात असे अठ्ठेचाळीस आहेत.’

ताईंनी ते वाचलं. मग त्यांनी यादीच्या वरचा नियम पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारून त्या हसू लागल्या. ‘अहो, आम्ही याला कधी मध्येच तोडलंच नाही! मावशी रोज तोडत होत्या, त्यांना मी बाहेर घालवलं.’ त्यांनी उद्यासाहेबाला हाक मारली. तो आला, त्याने ऐकलं, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘रांगेतल्या सगळ्यांना ढकलून थांब पुढे यायला हवं,’ तो म्हणाला. ‘आज देतो.’ ऑफिसात हे वाक्य कोणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

त्याने दिलं, पण खरी मजा पुढे झाली. ताईंनी वरचा नियम खोडून टाकला आणि नवी यादी केली. पहिल्या शब्दानंतर थांब. शब्दाच्या मधोमध थांब. एकामागे एक चार थांब, आणि लगेच बोल. यादी साडेनऊशे ओळींची झाली. तरी ताईंचं समाधान होईना. ‘यादीला पुढे काय येणार ते माहीत असतं. मुलांना माहीत नसतं,’ त्या म्हणाल्या. म्हणून रोज दुपारी ऑफिसातली माणसं खुर्च्या मांडून वर्गासारखी बसायची, सर पेटी घेऊन पुढे उभे राहायचे आणि मावशी मॉनिटर! कोणालाही सुचणार नाहीत असे प्रश्न मावशींना सुचायचे. ‘सर, हा कोन घरी न्यायचा असेल तर कशात न्यायचा?’ ‘सर, याने माझं रबर घेतलं!’ उद्यासाहेब मागच्या खुर्चीवरून कागदी विमानं सोडायचा. पहिल्या दिवशी मी थांबल्यावर पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर गिळत होतो. तिसऱ्या दिवशी ते सुधारलं. दहाव्या दिवशी मावशींनी सतरा वेळा मला मध्येच तोडलं आणि सतरा वेळा मी जागच्या जागी गप्प झालो. ‘आता शहाणा झालास हो,’ मावशी म्हणाल्या आणि स्पीकरवरची धूळ पदराने पुसली. साडेनऊशे खुणांपेक्षा मला ती शाबासकी मोठी वाटली.

पंधरा दिवस संपले. तोच वर्ग, त्याच मोठ्या बाई, तोच मागचा बाक. मुलं आधीच ओठ दाबून हसत होती, गेल्या वेळची मजा पुन्हा मिळेल या आशेने.

मी सुरुवात केली, ‘आज आपण शून्याबद्दल बोलू. शून्य ही संख्या दिसायला साधी असली तरी तिच्या खोड्या...’

‘सर!’ दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली होती. ‘शून्याने भागायचं नाही असं पुस्तकात लिहिलंय. का नाही भागायचं?’

सरांचं बोट बटणावर पडलं आणि मी ‘खोड्या’वरच थांबलो. वर्ग चकित झाला. आता हसायला काही उरलं नव्हतं. सर उत्तर लिहू लागले.

आणि इथे, मित्रांनो, एक गोष्ट घडली जी कोणाच्याच यादीत नव्हती. गेल्या वेळी मी बोलतच राहिलो, म्हणून वर्गात शांतता अशी झालीच नाही. आता मी थांबलो होतो, आणि सर दोन बोटांनी लिहितात. उत्तर लांब होतं. टक, टक, टक. दहा सेकंद झाले. वीस झाले. वर्गात दुसरा आवाज नाही. अठ्ठेचाळीस मुलं, आणि शिक्षक गप्प उभा. एखाद्या मिनिटात इथे गोंधळ होणार हे कोणीही सांगितलं असतं. मीसुद्धा धास्तावलो. मला बोलता येत होतं, पण बोलायला अजून काही दिलेलं नव्हतं.

मोठ्या बाईंना ती शांतता सोसवेना. सरांची फजिती होऊ नये म्हणूनच, अगदी चांगल्या मनाने, त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘मुलांनो, सरांना असं म्हणायचंय की शून्याने भागणं हे...’

‘बाई, थांबा ना,’ दोन वेण्यांची मुलगी मागे वळून म्हणाली. ‘सर बोलतायत.’

मी तेव्हा गप्प होतो, मित्रांनो. पेटीतून हूं की चूं नव्हतं. नुसती टकटक चालली होती. पण त्या मुलीने ते ओळखलं होतं, आणि आजूबाजूला बघितलं तर सगळा वर्ग सरांच्या बोटांकडे टक लावून बघत होता. माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघावं तसा. सरांची बोटं क्षणभर अडखळली, मग पुन्हा चालू लागली. मोठ्या बाई खाली बसल्या.

मग मी म्हणालो, ‘बारा पेन्सिली आहेत. तीन मुलांत वाटल्या. प्रत्येकाला किती?’

‘चार!’ वर्ग ओरडला.

‘आता बारा पेन्सिली शून्य मुलांत वाटा. प्रत्येकाला किती?’

वर्ग गोंधळला. कोणी शून्य म्हणालं, कोणी बारा म्हणालं. मागून एक मुलगा वैतागून ओरडला, ‘प्रत्येकाला म्हणजे कोणाला, सर? तिथे कोणी नाहीच!’

सरांनी त्याच्याकडे खडू रोखला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं. मी म्हणालो, ‘शाब्बास. हेच उत्तर.’

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मोठ्या बाईंच्या वहीत एकही ओळ लिहिलेली नव्हती. त्या पुढे आल्या. गेल्या वेळी त्यांच्याकडे बोलायला बरंच होतं, या वेळी शब्द जुळवायला त्यांनाच वेळ लागला, आणि सर शांतपणे वाट बघत उभे राहिले. ‘वाचनालयाचं दुसरं कोणीतरी बघेल,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘उद्यापासून सातवी आणि आठवी तुमची. आणि सर, मघाशी मी मध्ये बोलले, माफ करा.’ सरांनी लिहिलं आणि मी म्हणालो, ‘पुन्हा करू नका.’ या वेळी ते उत्तर ज्याचं त्यालाच मिळालं होतं, आणि मोठ्या बाई मनापासून हसल्या.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. पेटीच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आहे, कळफलकावरची काही अक्षरं पुसली गेली आहेत, पण सरांच्या बोटांना ती पाठ आहेत. मध्यंतरी ऑफिसातून ताईंनी नवा आवाज पाठवला होता, खोकतोसुद्धा म्हणे अगदी माणसासारखा! सरांनी तो एक दिवस वापरून परत केला. मी मात्र जुना आहे, थोडा खरखरतो, मला उसासे टाकता येत नाहीत, आणि तरी रोज सकाळी सातवीत हजर असतो.

तुमच्या ओळखीतही, मित्रांनो, असं कोणी असेल ज्याला बोलायला वेळ लागतो. कोणी लिहून बोलत असेल, कोणी अडखळत, कोणाला म्हातारपणी शब्द पटकन सापडत नसतील. त्यांच्या वस्तूंची काळजी घ्या, पेटीवर पाणी सांडू नका, पट्टा तुटू देऊ नका, हे तर आहेच. पण त्यांची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका. ते गप्प दिसले तरी बोलत असतात. वेळ लागेल, लागू दे. मी रोज थांबतो, आणि सर काय म्हणणार याची उत्सुकता मला अजून प्रत्येक वेळी वाटते.